गाडी विजेची आणि ऊन मालेगावचे

यंदाच्या उन्हाळ्यात एका दुपारी अडीचच्या सुमारास आमचा भाचा पेढीवर आला आणि चकचकीत कागदाचे एक पुस्तक त्याने आमच्यासमोर गादीवर ठेवले. विजेवर चालणारी क्रॉसओव्हर गाडी, म्हणजे जीपसारखी उंच आणि मोटारीसारखी मऊ. किंमत पन्नास लाखांच्या आसपास. "मामू, डिझेलची झंझट संपली. रात्री लावायची, सकाळी भरलेली." बाहेर आमची जुनी डिझेलची गाडी उन्हात उभी होती आणि तिच्या दाराच्या मुठीला हात लागल्याने भाचा बोटे फुंकतच आत आला होता. आम्ही त्याला एवढेच विचारले, "ही गाडी दुपारी उभी कुठे करायची?" त्याच्याकडे उत्तर नव्हते. पुस्तकातही नव्हते. पुस्तकातली गाडी बर्फाच्या डोंगरापाशी उभी होती.

मालेगाव, धुळे, बुऱ्हाणपूर, सोलापूर या कापडाच्या गावांत अशा गाड्या आता दिसू लागल्या आहेत. आमच्या ओळखीच्या तीन-चार पेढ्यांनी घेतल्या, आणखी काही जण घेण्याच्या विचारात आहेत. आमचाही विचार आहे, ते लपवण्याचे कारण नाही. सुरत, भिवंडी, मुंबई, इचलकरंजी अशा फेऱ्यांत आमची गाडी वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर तरी धावते आणि डिझेलचा आकडा वहीत लिहिताना दर महिन्याला हात जड होतो. तेव्हा विजेच्या गाडीला विरोध म्हणून हे लिहिलेले नाही. आमचे म्हणणे इतकेच की जेथे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या वर जाणे नेहमीचे आहे तेथे गाडीची किंमत जास्त म्हणून ती उन्हाला जास्त टिकेल, ही समजूत चुकीची आहे. ऊन गाडीच्या नावाची पाटी वाचत नाही. बॅटरी कोणत्या जातीची, तिला गार ठेवण्याची सोय कशी आणि मालकाकडे सावली व स्वतःचे मीटर आहे की नाही, एवढ्याच गोष्टींवर पुढच्या आठ-दहा वर्षांचा हिसाब ठरतो. शोरूममध्ये या गोष्टी आपण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

हा धडा जगाने एकदा पैसे देऊन घेतलेला आहे. अमेरिकेत निस्सान कंपनीने डिसेंबर २०१० मध्ये लीफ नावाची विजेची गाडी विकायला सुरुवात केली. गाडी चांगली होती, पण तिच्या बॅटरीला पाण्याने गार ठेवण्याची व्यवस्था नव्हती आणि पंखाही नव्हता; वाऱ्याने जेवढी गार होईल तेवढी. थंड मुलुखात ते चालून गेले. अॅरिझोना राज्यात फिनिक्स शहराचा उन्हाळा आपल्यापेक्षाही कडक असतो. तेथे २०१२ साली लोकांच्या लक्षात आले की बॅटरीची ताकद दाखवणाऱ्या बारा पट्ट्यांपैकी एकेक पट्टी दीड-दोन वर्षांतच गळू लागली आहे. मामला कोर्टात गेला. मग कंपनीने पाच वर्षे किंवा साठ हजार मैलांच्या आत नऊपेक्षा कमी पट्ट्या राहिल्या तर बॅटरी दुरुस्त करून अथवा बदलून देण्याची हमी दिली आणि २०१५ च्या मॉडेलपासून उष्णता सोसणारी बॅटरी बसवली. त्यानंतर बहुतेक महागड्या गाड्यांत बॅटरीच्या पोटातून शीतक फिरवण्याची सोय आली, ही चांगली गोष्ट झाली. पण "बहुतेक" म्हणजे "सगळ्या" नव्हेत, आणि जुन्या बाजारात जुन्या बनावटीच्या गाड्या फिरतच आहेत.

उष्णता बॅटरीचे काय बिघडवते, हे आम्ही एका जाणकार इंजिनिअरकडून समजून घेतले. त्यांनी आमच्याच धंद्यातला दाखला दिला. रंगाच्या भांड्याचे तापमान वाढवले की रंग लवकर चढतो, कारण रासायनिक क्रिया वेगाने होते. बॅटरीच्या आतही क्रिया चाललेल्या असतात. त्यांतल्या काही आपल्याला हव्या असतात, तर काही हळूहळू तिला खाणाऱ्या असतात. गाडी उभी असली तरी या दुसऱ्या क्रिया थांबत नाहीत; उन्हाने त्यांचा वेग वाढतो आणि बॅटरी काठोकाठ भरलेली असली तर आणखी वाढतो. म्हणजे सर्वांत वाईट अवस्था कोणती? शंभर टक्के भरलेली गाडी, भर उन्हात, दिवसभर उभी. आपल्याकडे नेमके हेच होते. रात्री भरली, सकाळी दुकानासमोर आणून लावली, संध्याकाळी घरी नेली. दहा किलोमीटर चालली आणि आठ तास भाजली.

खाडीच्या देशांत आमचे नातेवाईक आहेत. ते म्हणतात, दुबईत तर याहून ऊन, तेथे रस्ते अशा गाड्यांनी भरलेले आहेत. खरे आहे. पण त्यांनाच विचारा, गाडी उभी कुठे राहते? इमारतीच्या तळघरात, मॉलच्या तळघरात, कचेरीबाहेर ताणलेल्या कापडाच्या छताखाली. रस्त्यावर धावते तेव्हा गार करण्याची यंत्रणा चालूच असते. आमच्या गल्लीत गाडी लिंबाच्या झाडाखाली उभी राहते, आणि लिंबाची सावली घड्याळाच्या काट्यासारखी सरकत असते. दुपारी दोनला ती शेजाऱ्याच्या ओट्यावर गेलेली असते.

आता बॅटरीच्या जातीविषयी. बाजारात मुख्यतः दोन जाती आहेत. एकीत निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट असते. ती कमी वजनात जास्त वीज साठवते आणि परदेशी महागड्या गाड्यांत बरीच वापरली जाते. दुसरी लोह-फॉस्फेटची. ती थोडी जड असते, पण गरम झाली तरी लवकर बिथरत नाही आणि भरण्या-उतरवण्याच्या जास्त फेऱ्या सोसते. पहिली जात असेल तर रोज ऐंशी टक्क्यांपर्यंतच भरावी आणि शंभर टक्के फक्त लांबच्या प्रवासाच्या सकाळी. दुसरी असेल तर कंपनी अधूनमधून पूर्ण भरायला सांगते, नाहीतर काटा खोटे दाखवू लागतो. पण पूर्ण भरून उन्हात सोडणे तिच्याही प्रकृतीला मानवत नाही. गंमत अशी की आपल्याकडच्या ऊन-धुळीला मानवणारी ही दुसरी जात स्वस्त गाड्यांत जास्त मिळते. महिंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेल्या दोन्ही गाड्या आणि टाटांची २०२५ ची हॅरिअर लोह-फॉस्फेटच्या आहेत, बॅटरी गार ठेवण्याची द्रवाची सोय आहे आणि त्यांच्या किमती वीस लाखांच्या आसपास सुरू झाल्या. किआची ईव्ही-६ जून २०२२ मध्ये आली तेव्हाच साठ लाखांच्या घरात होती. तिची बॅटरी पहिल्या जातीची. ती वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. वेग, बैठक, शांतता, सगळे वरच्या दर्जाचे. पण ते वरचे तीस-पस्तीस लाख उन्हापासून वाचण्यासाठी दिलेले नसतात, हे गिऱ्हाइकाने ओळखावे. बीवायडीच्या महाग गाड्यांत मात्र लोह-फॉस्फेटच असते. तेव्हा किंमत पाहून जात ओळखता येत नाही, विचारावेच लागते.

एका भरण्यात किती चालेल, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो. आमच्या मते तो तिसरा किंवा चौथा असावा, पण उत्तर देणे भाग आहे. सरकारी चाचणीचा आकडा एअर कंडिशनर बंद ठेवून काढलेला असतो. ह्युंदाईची आयोनिक-५ जानेवारी २०२३ मध्ये आली तेव्हा आकडा ६३१ किलोमीटर सांगितला गेला. महामार्गावर मेच्या दुपारी चारशेच्या आसपास धरून चालावे. उन्हात तापलेली गाडी गार करायला पहिली दहा-पंधरा मिनिटे बरीच वीज जाते, मग खर्च स्थिरावतो. म्हणून लांबच्या प्रवासात एअर कंडिशनरचा भार तितका जाणवत नाही आणि बाजारपेठेत दर अर्ध्या तासाला चढ-उतार करणाऱ्याला तो जास्त जाणवतो. गाडी चार्जरला लावलेली असतानाच फोनवरून आतली हवा गार करून घ्यावी, म्हणजे ती वीज भिंतीतून येते, बॅटरीतून नाही.

आमचा खरा तजुर्बा २०२४ च्या मे महिन्यातला. एका व्यापारी मित्राने आपल्या नव्या गाडीतून भिवंडीला नेले. गाडीचे नाव सांगण्याचे कारण नाही. पहाटे फजरनंतर निघालो. चांदवड, नाशिक, इगतपुरी, मग कसाऱ्याचा उतार. उतारावर गाडी उलट वीज भरून घेते आणि काटा वर चढतो, हे पाहून मित्राचा चेहरा खुलला. भिवंडीला पोहोचलो तेव्हा निम्म्याच्या जवळपास बॅटरी शिल्लक होती. दोन गोदामे पाहिली, ग्रेचा सौदा केला, जेवलो आणि बारा वाजता परत फिरलो.

परतीची गोष्ट वेगळी निघाली. समोर घाटाची चढण, बाहेर आगीसारखा रस्ता, आत चार माणसे आणि थंडगार हवा. कसारा चढून आल्यावर काट्याकडे सगळे पाहू लागले. नाशिक मागे टाकून पिंपळगावच्या पुढे एका ढाब्याजवळ चार्जर होता. यंत्रावर साठ किलोवॉट लिहिलेले. छप्पर नव्हते, यंत्र आणि गाडी दोन्ही उन्हात. गाडी लावल्याबरोबर तिच्या पोटातले पंखे असे सुरू झाले की सायझिंगच्या कारखान्यात उभे आहोत असे वाटले. पडद्यावर आकडा सत्तावीस-अठ्ठावीसच्या वर जाईना. आम्ही म्हटले, शेजारी दुसरी गाडी लागली आहे, वाटणी होत असेल. ती गेली तरी आकडा फारसा हलला नाही. तेथल्या मुलाने सांगितले, "चाचा, दुपारी असंच होतं. संध्याकाळी या, भरभर भरते." यंत्र तापले की ते स्वतःला वाचवण्यासाठी वीज कमी सोडते, आणि बॅटरी तापली की गाडीही कमी मागते. दोघांचा दोष म्हणता येत नाही, पण चाळीस मिनिटांचे काम दीड तासावर गेले. असरची वेळ तेथेच झाली. ड्रायव्हर आत हवा लावून झोपला होता, म्हणजे एका बाजूने भरत होतो आणि दुसऱ्या बाजूने खर्चत होतो.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून भिवंडीला जाणाऱ्याला कसाऱ्याचा घाट टाळता येतो. राज्याच्या २०२५ च्या धोरणात विजेच्या मोटारींना समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर टोलमाफी लिहिलेली आहे. आपल्या नाक्यावर ती मिळते की नाही ते निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. त्या काँक्रीटवर उन्हाळ्यात टायरची हवा पहाटे, टायर थंड असताना तपासावी. या गाड्या दोन टनांच्या आसपास किंवा जास्त वजनाच्या असतात, टायरला सवलत मिळत नाही.

काचेच्या छताबद्दल आम्हाला जरा जास्त बोलायचे आहे, कारण भाच्याचा जीव त्यातच अडकला होता. महाग गाडी म्हणजे काचेचे छत असा समज झाला आहे. जुलै २०२५ मध्ये टेस्लाने मुंबईत दुकान उघडले आणि साठ लाखांच्या घरात मॉडेल वाय विकायला ठेवली. तिचे छत संपूर्ण काचेचे आहे आणि आतून ओढायचा पडदा कंपनी लावून देत नाही. देशी गाड्यांतही असे छत येऊ लागले आहे. थंड देशात वर्षाकाठी चार दिवस ऊन पडते, तेथे लोकांना डोक्यावर आकाश हवेसे वाटते. आपल्याकडे पूर्वजांनी दोन फुटांची भिंत आणि धाब्याचे छत घातले ते उगीच नव्हे. काच कितीही रंगीत असो, एक वाजता टाळू तापते, मग हवा जोरात लावावी लागते आणि ती बॅटरीतून जाते. शक्य असेल तर पत्र्याचे छत असलेले मॉडेल घ्यावे. नसेल तर जाड पडदा पहिल्याच दिवशी लावावा. रंग पांढरा किंवा चांदीचा. काळी गाडी लग्नाच्या वरातीत शोभते, मालेगावच्या मेमध्ये ती तवा होते. काचांवर गडद कागद चिकटवण्याचा मोह टाळावा; पुढच्या-मागच्या काचेतून सत्तर टक्के आणि बाजूच्या काचेतून पन्नास टक्के प्रकाश आत आला पाहिजे असा नियम आहे.

एक गोष्ट फक्त आपल्या गावांची. मागांतून उडणारी सुताची धूळ गाडीच्या नाकातल्या जाळीत बसते. डिझेलच्या गाडीचे रेडिएटर साफ करून घेणे आपल्याला माहीत आहे. विजेच्या गाडीला इंजिन नाही म्हणून जाळी साफ करायची नाही असे लोक समजतात. उलट, बॅटरीची उष्णता त्याच जाळीमागून बाहेर जाते. सुताचा थर बसला की शीतक कितीही चांगले असले तरी उपयोग नाही. उन्हाळा लागण्यापूर्वी आणि मध्यात एकदा ती जाळी साफ करून घ्यावी, आणि शीतकाच्या भांड्यात कोणत्याही गॅरेजवाल्याला नळाचे पाणी ओतू देऊ नये.

या गाड्यांत मोठ्या बॅटरीशिवाय जुन्या पद्धतीची बारा व्होल्टची लहान बॅटरीही असते, हे पुष्कळांना ठाऊक नाही. दार, कुलूप, पडदा, सगळे तिच्यावर. ऊन तिला आधी मारते. ती गेली की पन्नास लाखांची गाडी मोठी बॅटरी भरलेली असूनही जागची हलत नाही. २०२४ साली आयोनिक-५ आणि ईव्ही-६ या दोन्ही गाड्या आपल्या देशात कंपन्यांनी तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. कारण होते याच लहान बॅटरीला वीज पुरवणारा भाग. कंपनीने स्वतः बोलावून दुरुस्त करणे हे चांगलेच. प्रश्न आपल्यासाठी असा की दुरुस्तीची जागा कुठे आहे? महागड्या गाडीचे सर्व्हिस सेंटर आपल्याला नाशिकला किंवा त्याहून दूर गाठावे लागते, शंभरहून अधिक किलोमीटर, आणि विजेची गाडी चाके जमिनीवर ठेवून ओढून नेत नाहीत, ती ट्रकवर चढवावी लागते. शोरूममध्ये सर्वांत आधी तो ट्रक कुठून येतो, किती तासांत येतो आणि पैसे कोण देतो, हे लिहून मागावे.

आता मीटरचा मसला. येथे आमच्या बंधूंकडून चूक होण्याचा धोका जास्त आहे. कारखान्यात थ्री फेज आहे, मागाचा दर सवलतीचा आहे, गाडी रात्री तेथेच लावली तर काय बिघडले? पुष्कळ बिघडते. मागासाठी दिलेल्या सवलतीच्या विजेवर गाडी भरणे हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरू शकतो आणि त्यात लागू दराच्या दुप्पट आकारणी होते. केव्हापासून वापर सुरू आहे ते ठरवता आले नाही तर मागचे बारा महिने धरले जातात. गाडीच्या चार आण्यांसाठी मागाचे मीटर अडकवू नये. घरच्या मीटरवर भार वाढवून घ्यावा किंवा गाडीसाठी वेगळी जोडणी मागावी. साधारण चार्जर सात किलोवॉटचा असतो. जुन्या घराचा मंजूर भार पुष्कळदा याहून कमी असतो. आणि अर्थिंग नीट करून घ्यावे. मेमध्ये जमीन सुकते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि चार्जर वीज घ्यायचे नाकारतो. मग लोक गाडीला शिव्या देतात. खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतले की काम होते, हे आपल्या कारखान्यातल्या वायरमनलाही माहीत आहे.

गाडी भरण्याची वेळही महत्त्वाची. महामार्गावरून तापून आलेली गाडी लगेच लावू नये. बॅटरी चार-पाचशे किलोची असते, ती हळू तापते आणि हळूच निवते. घड्याळ लावून पहाटे भरणे सुरू होईल आणि निघायच्या वेळी संपेल असे ठेवावे. रोजच्या साठ-सत्तर किलोमीटरला दोन तास पुरतात.

पैशाचा हिसाब आम्ही वहीत मांडला. गाडी शंभर किलोमीटरला वीस युनिट खाते असे धरा, घरची वीज नऊ रुपयांची धरा. किलोमीटरला एक रुपया ऐंशी पैसे पडतात. डिझेल नव्वदच्या आसपास आणि गाडी लिटरला चौदा देणारी, म्हणजे साधारण सहा रुपये चाळीस पैसे. वर्षाला पंचवीस हजार किलोमीटरवर सव्वा लाखाच्या आत बचत. रस्त्यावरच्या चार्जरवर युनिट बावीस रुपयांना पडले तर किलोमीटर चार रुपये चाळीस पैशांवर जातो आणि बचत निम्म्याहून कमी उरते. म्हणजे घरी सोय नसलेल्याने बचतीच्या नावाने ही गाडी घेऊ नये. जीएसटी विजेच्या गाडीवर पाच टक्के आहे, मोठ्या डिझेल गाडीवर सप्टेंबर २०२५ पासून चाळीस टक्के. हा फायदा खरा आहे. तीस लाखांवरच्या विजेच्या गाड्यांवर सहा टक्के कर लावण्याचा राज्याचा २०२५ चा प्रस्ताव त्याच मार्चमध्ये मागे घेतला गेला, तोही आपल्या पथ्यावर पडला.

पण पेढीच्या नावाने गाडी घेणाऱ्याने एक गाठ पाहून ठेवावी. आयकराच्या घसाऱ्याच्या तक्त्यात विजेच्या वाहनाला चाळीस टक्के आणि साध्या मोटारीला पंधरा टक्के दर मिळत आला आहे. यंदाचा दर आपल्या सी.ए.कडून पक्का करावा. चाळीस टक्के ऐकून तोंडाला पाणी सुटते. पन्नास लाखांची गाडी तीन वर्षांत पुस्तकात दहा लाख ऐंशी हजारांवर येते. समजा ती पंचवीस लाखांना विकली. जानेवारी २०२५ पासून जीएसटी नोंदणी असलेल्या धंद्याने जुनी विजेची गाडी विकली तर विक्री किंमत आणि पुस्तकी किंमत यांच्या फरकावर अठरा टक्के जीएसटी आहे. फरक चौदा लाख वीस हजार, कर अडीच लाखांच्या घरात. घसारा घेताना हसलो, तर विकताना त्यातले काही परत द्यायचे आहे, एवढे लक्षात ठेवून गाडी घ्यावी. गाडी घेताना दिलेला जीएसटी मात्र आपल्या धंद्याच्या करातून वजा होत नाही.

हमीच्या कागदाकडे वळू. आमचे शिक्षण उर्दूत झाले, मराठी व्यापाराने शिकवली. इंग्रजीतली बारीक अक्षरे वाचायला भाच्यालाच बसवले. बॅटरीवर बहुतेक कंपन्या आठ वर्षे किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची हमी देतात. काही देशी कंपन्या पहिल्या मालकाला "आजीवन" हमी देतात, पण ती खासगी मालकाच्या नावापुरती असते. म्हणजे घसाऱ्यासाठी गाडी पेढीच्या नावावर केली तर ती आजीवन हमी राहते का, हा प्रश्न विचारावाच लागतो. भाच्याने तो नाशिकच्या विक्रेत्याला विचारला. विक्रेता म्हणाला, "शेठ, हे आजवर कुणी विचारलंच नाही." दुसरा प्रश्न, ताकद किती टक्क्यांवर आली की बॅटरी बदलून मिळणार? सत्तर टक्के असा आकडा साधारणपणे असतो. म्हणजे उन्हाने ती बहात्तरवर आणून सोडली तर कंपनी तुमच्याकडे पाहणार नाही, आणि जुन्या बाजारातले गिऱ्हाईक मात्र नक्की पाहील. ज्यांनी हप्त्याने न घेता रोख मोजून गाडी घेतली, त्यांचे सगळे भांडवल त्या बहात्तर टक्क्यांत अडकलेले असते. जुनी गाडी घेणाऱ्यानेही बॅटरीच्या प्रकृतीचा कंपनीकडचा कागद मागितल्याशिवाय सौदा करू नये.

घरात यावर बरीच चर्चा झाली. आमचे बंधू म्हणाले, या पैशात चार माग नवे बसतील. भाचा म्हणाला, गिऱ्हाईक गाडी पाहून उधारी देते. दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. सध्या आम्ही असे ठरवले की गोदामामागच्या रिकाम्या जागेवर आधी शेड घालायचे. पत्र्याखाली फुटभर जागा सोडून दुसरा थर द्यायचा, म्हणजे पत्रा तापला तरी झळ खाली येत नाही. मग मीटरचा अर्ज. शेडचे खांब उभे राहिले आहेत, अर्ज गेला आहे. विक्रेत्याचा परवा फोन आला होता, रंग कोणता म्हणून. आम्ही सांगितले, पांढरा. आणि काचेच्या छताशिवाय मिळत असेल तरच नाव लिहा. पाहून सांगतो म्हणाला. अजून फोन आलेला नाही.